ओहोटीचं कलम

प्राचार्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

"बाई, एवढं काढून टाका. बाकी सगळं सोन्यासारखं आहे."

बोट कुठं आहे ते बाईंनी चष्मा न लावताच ओळखलं. अख्ख्या प्रकरणात काढून टाकण्यासारखा तो एकच परिच्छेद होता, आणि प्रकरण लिहिलं होतं तेही त्या एका परिच्छेदासाठीच.

"का काढू?"

"सरांनी सांगितलंय."

पुढचं विचारायची गरज नव्हती. सर म्हणजे बाईंचेही सर. प्राचार्यांचेही. व्यापारी कायद्यावरचं त्यांचं पुस्तक घोकल्याशिवाय या बंदरगावात कुणी वकील झालेलं नव्हतं.

बाई संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शिकवायच्या. दिवसभर गोदीत, बँकेत, मालाच्या कचेऱ्यांत राबलेली माणसं तिथं जांभया देत कायदा शिकायला यायची आणि त्यांना जागं ठेवण्यात बाईंची हयात गेली होती. आता निवृत्ती तोंडावर होती. अशात सरकारनं समुद्रापलीकडच्या देशाशी व्यापाराचा मोठा करार केला, आणि दोन्ही देशांनी मिळून एक ग्रंथ काढायचा ठरवला. आमचा व्यापारी कायदा कुठून आला, तुमचा कुठून आला, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं. पहिलं प्रकरण बाईंकडे आलं, कारण असल्या जुन्या कागदांच्या धुळीत नाक घालणारं दुसरं कुणी गावात नव्हतं. संपादक अर्थातच सर.

भानगड त्या परिच्छेदाची होती, आणि ती समजायला आधी गावचं पाणी समजायला हवं.

हे बंदर खाडीच्या तोंडाशी आहे. दिवसातून दोनदा पाणी निघून जातं आणि मागे नुसता चिखल उरतो. जुन्या काळी गलबतं त्या चिखलात बसायची, माल उतरायचा, भरती आली की उठून चालती व्हायची. आज माल घेतला आणि उद्या पोतं फोडून आत किडका निघाला, तर भांडायचं कुणाशी? विकणारा केव्हाच समुद्रात. म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी आपसात एक नियम केला. माल घेतल्यापासून तीन ओहोट्या होईपर्यंत विकणाऱ्यानं गलबत हलवायचं नाही, आणि घेणाऱ्यानं तेवढ्यात तक्रार केली नाही तर मग जन्मभर तोंड उघडायचं नाही. निवाडा तिथंच, काठावर, दोन-चार जाणते व्यापारी करायचे. राजाला कुणी विचारलं नाही आणि राजानंही कधी चौकशी केली नाही. हे सगळं तोंडी चाललं. पुष्कळ काळानं एका सरकारला जाग आली आणि त्यांनी ते लिहून छापून काढलं.

पलीकडच्या देशाचं उलट. तिथला कायदा राजवाड्यात जन्मला. पगारी कारकुनांनी गादीवर बसून, शांतपणे, कलमांना आकडे घालून तो लिहिला, वर मोहोर उठवली आणि बंदरांना पाठवून दिला. छापलाही आपल्या आधी. आणि त्यातही कलम होतं, माल ताब्यात घेतल्यापासून तीन ओहोट्यांच्या आत तक्रार करावी.

सरांनी तरुणपणी हे दोन कायदे शेजारी ठेवले. कलम तेच. छापल्याचं साल बघितलं, तर त्यांचं आधीचं. झालं. पुस्तकात वाक्य आलं, "आपल्या व्यापारी कायद्याचं मूळ परदेशी आहे, आपण तो त्यांच्याकडून घेतला." दरवर्षी परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा. बाईंनीही ते वाक्य घोकलं, मार्क मिळवले आणि पुढे इमानेइतबारे तेच शिकवलं.

मग एकदा एका परिसंवादासाठी बाई त्या देशात गेल्या. बरोबर नवराही होता, स्वतःच्या खर्चानं. खाडीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर त्याचा जन्म गेला होता, म्हणून गावात त्याला गाळसाहेब म्हणत. परिसंवाद आटपल्यावर दोघं तिथलं जुनं जकातघर बघायला गेले. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि खालच्या पायऱ्यांवर काहीतरी कोरलेलं अंधुक दिसत होतं. बाई म्हणाल्या, "पाणी ओसरलं की बघू." आमच्या गावातलं कुणीही हेच म्हणालं असतं. दोघांनी बैठक मारली, डबा खाल्ला. गाळसाहेबांनी तोंडावर रुमाल टाकला आणि घोरायला लागले. दुपार कलली. पाणी होतं तिथंच.

शेवटी तिथला पहारेकरी जवळ आला. "ताई, कुणाची वाट बघताय?"

"ओहोटीची."

तो इतका हसला की त्याची टोपी पडली. "ती इथं येत नाही. आमचा समुद्र हलत नाही हो. वाऱ्यानं झालं तर वीतभर वरखाली, बस्स."

बाईंनी नवऱ्याला हलवून उठवलं. "अहो, इथं ओहोटीच नाही म्हणे!"

"नाहीच आहे," गाळसाहेब डोळे चोळत म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तू वारा खायला बसलीयस. आणि झोप छान लागली होती. मी कशाला तोंड उघडू?"

बाई हसल्या. हसता हसता एकदम गप्प झाल्या. ओहोटीच नाही, तर यांच्या कायद्यात ओहोटी आली कुठून?

पुढची दोन वर्षं बाईंनी त्या एका प्रश्नाच्या पाठीमागे घातली. त्या देशातले जुने टीकाग्रंथ मागवले, आणि वाचता वाचता त्यांना कधी हसू आवरेना, कधी रडू. एक पंडित म्हणे तीन ओहोट्या म्हणजे तीन दिवस. दुसरा म्हणे तीन महिने. तिसऱ्यानं तर भावाची ओहोटी, म्हणजे बाजार तीनदा पडेपर्यंत, असा अर्थ लावून जाडजूड ग्रंथ लिहिला होता. ज्यांच्या दारात ओहोटी नाही त्या वकिलांनी ओहोटीवर पिढ्यानपिढ्या पोट भरलं होतं. बाईंना एकच उलगडा दिसला, कलम आपल्या चिखलातून तिकडे गेलं होतं. नेलं त्यांच्याच खलाशांनी, इथं व्यापाराला आलेल्या. राजवाड्यातल्या कारकुनानं ऐकलं तसं उतरवून घेतलं. छापलं त्यांनी आधी, एवढंच.

हा तो परिच्छेद.

"नाही काढणार," बाई प्राचार्यांना म्हणाल्या.

"अहो बाई, पहिलं प्रकरण वाचायच्या समारंभाला त्यांची प्राध्यापिका येणार आहे. तिच्या तोंडावर म्हणायचं का, तुमचा कायदा आमच्या चिखलातून उचललाय म्हणून? करार ताजा आहे. मंत्रालयातून फोन आला होता."

"फोन कायद्याच्या इतिहासाबद्दल होता?"

"फोन सगळं गोड व्हावं याबद्दल होता," प्राचार्य कळवळून म्हणाले. "तुम्ही सरांना भेटा. मी बापडा दोन्हीकडून मार खाणारा मृदंग."

बाई सरांकडे गेल्या. वर्षभरापूर्वी सरांची बायको गेली होती. बाई शिकत असताना त्या काकूंनी कितीदा तरी जेवूनच जा म्हणून दामटून बसवलं होतं. आता घरात सर एकटे. खुर्चीवर वाळलेले कपडे, घडी न घातलेले. कोपऱ्यात टाईपरायटर, त्यावर काकूंनी शिवलेलं कापडी झाकण.

सरांनी स्वतः चहा केला. साखरेचा डबा त्यांना काही केल्या सापडेना. बाई उठल्या, वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि डबा काढून दिला. सर डब्याकडे बघत राहिले.

"तिथं असतो होय," ते म्हणाले.

 मग सरांनी घसा साफ केला.

"पोरी, पाण्यावर कायद्याचा इतिहास लिहीत नाहीत. कागदावर लिहितात. कागद त्यांचा आधीचा आहे."

"सर, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्या समुद्रात ओहोटी नाही."

"तिसऱ्याच कुणाकडून दोघांनी घेतलं असेल तर? आहे पुरावा तुझ्याकडे?"

 प्रश्न खरा होता. म्हातारे झाले तरी सरांचा नेम चुकत नव्हता.

"तिसऱ्याकडून असेल तर मी तसं लिहीन. पण तरीही तुमचं वाक्य पडतंच. 'आपण त्यांच्याकडून घेतलं' हे कुठल्याच वाटेनं उभं राहत नाही."

सरांनी कप खाली ठेवला. 

"ते पुस्तक हिनं टाईप केलंय," ते म्हणाले. "प्रत्येक पान. चार-चार कार्बन लावून, बोटं सुजेपर्यंत. तू ज्याला खोटं म्हणतेस ते वाक्य तिच्या हातचं आहे. तिच्यामागं मी ते खोडू देणार नाही."

बाईंना मान डोलवून निघून जाता आलं असतं. एकट्या पडलेल्या माणसासमोर हट्ट धरणं त्यांनाही बरं वाटत नव्हतं. पण त्या बोलल्या.

"सर, काकूंनी टाईप केलं. लिहिलं तुम्ही. चूक तुमची आहे. ती काकूंच्या अंगावर ढकलू नका."

सर ताडकन उठले. "जा तू."

"जाते. पण माझं प्रकरण जाईल तर पूर्ण जाईल. नाहीतर माझ्या नावानं जाणार नाही."

"बघू," सर म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

घरी गाळसाहेब कपड्यांना इस्त्री करत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढून टाक की. एक परिच्छेद तर आहे. निवृत्तीच्या तोंडावर कशाला हात दाखवून अवलक्षण?"

बाईंचा पारा चढला. "एक परिच्छेद? उद्या तुमच्या बोटीनं उपसलेला गाळ दुसऱ्या बोटीच्या नावावर लिहिला तर चालेल तुम्हाला?"

"गाळ? ज्याला हवा त्यानं न्यावा. उलट भाडं देईन."

"अहो!"

"बरं बरं. मी फक्त धार बघत होतो." त्यांनी इस्त्री उभी केली. "आहे अजून. समारंभाला कुठली साडी नेसणार ते सांग, कडक करून ठेवतो."

"मला बोलावलंय कुठं? बोलणाऱ्यांच्यात माझं नाव नाही."

"मग तर कडकच हवी."

समारंभ कॉलेजच्या मोठ्या सभागृहात होता. दारात प्रत्येकाच्या हातात पहिल्या प्रकरणाची छापील प्रत देत होते. बाईंनी ती घेतली आणि उभ्या उभ्याच उघडली. वर त्यांचं नाव होतं. ठळक अक्षरात, सरांच्या नावाशेजारी. आत त्यांचा परिच्छेद नव्हता. त्या जागी वाक्य होतं, "आपण तो त्यांच्याकडून घेतला."

बाईंच्या कानशिलांत गरम झालं. परिच्छेद गाळला असता तर त्या नुसत्या भांडल्या असत्या. यांनी तर त्यांच्या तोंडी खोटं घातलं होतं आणि वर त्यांचीच सही केली होती.

व्यासपीठावर सर वाचायला उभे राहिले. शेजारी पाहुणी प्राध्यापिका, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, समोर पेन आणि कागद. सरांचा आवाज अजूनही खणखणीत होता. ते त्या वाक्यापाशी आले, त्यांनी ते वाचलं, आणि मधल्या रांगेत बाई उभ्या राहिल्या.

"सर, हे वाक्य माझं नाही."

सभागृहात कुजबुज झाली. प्राचार्य अर्धवट उठले. "बाई, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत."

"मी प्रश्न विचारत नाहीये. नाव माझं छापलंय, म्हणून सांगतेय. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ते कलम त्यांनी आपल्याकडून घेतलं."

"खाली बस," सर म्हणाले.

"नाही बसणार, सर."

पाहुणीनं चष्मा काढला. तिचा चेहरा कडक झाला होता. "तुमचं म्हणणं, आमचा कायदा उसना आहे?"

"कायदा तुमचा आहे. एक कलम उसनं आहे. ज्यात तीन ओहोट्या आहेत ते. तुमच्या बंदरात मी एकदा ओहोटीची वाट बघत दुपारभर बसले होते. पहारेकरी हसला मला. मी विचारते, राजाच्या कारकुनांनी न पाहिलेल्या गोष्टीवर मुदत घातली कशी?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पाहुणी हसली नाही. "आमच्या तज्ज्ञांनी त्याचा अर्थ भावांशी लावला आहे."

"माहीत आहे. वाचलाय मी तो ग्रंथ. उशीएवढा जाड आहे. जी गोष्ट दारात दिसते तिच्यावर कुणी एवढं लिहीत नाही." बाई थांबल्या. आवाज चढला होता तो त्यांनी खाली आणला. "प्राध्यापिकाबाई, उसनं घेण्यात कमीपणा नाही. विम्याचा अख्खा कायदा आम्ही तुमच्याकडून घेतला. इथल्या व्यापाऱ्यांना पुढच्या भरतीपलीकडे बघायची सवडच नव्हती. तुमच्या कारकुनांना होती, त्यांनी बसून विचार केला. तेही मी लिहिलंय. ते यांनी ठेवलंय, पाचव्या पानावर. तुमचं ते तुमचं. पण आमचं ते तुमचं असं म्हणायचं असेल, तर खाली माझं नाव मिळणार नाही."

 प्राचार्य घाम पुसत होते. बाई रांगेतून बाहेर आल्या, व्यासपीठापाशी गेल्या आणि आपल्या हातातली प्रत सरांच्या समोर ठेवली.

"वाक्य तुमचं आहे, ते तुम्ही ठेवा. माझं नाव काढा. तुम्ही खोडता की मी खोडू?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, पण नुसता राग नव्हता. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. बाईंच्या नावावर रेघ मारली, एकच, सरळ. वाक्याला हात लावला नाही.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटलं.

बाहेर पडताना व्हरांड्यात मागून पावलं वाजली. पाहुणी होती.

"मला राग आलाय तुमचा," ती म्हणाली.

"येणारच."

"पण माझं लहानपण त्या बंदरावर गेलंय." ती जरा घुटमळली. "खालच्या पायऱ्या मी कधी कोरड्या बघितल्या नाहीत." एवढं बोलून ती वळली आणि परत आत गेली.

ग्रंथ निघाला तो बाईंच्या नावाशिवाय. समारंभानंतर दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी निरोप पाठवला होता, की निवृत्तीपर्यंत व्यापारी कायद्याचा तास दुसऱ्या कुणाला द्यावा असा विचार चाललाय. विचार चाललाय म्हणजे अजून दिलेला नाही, असा अर्थ बाईंनी काढला आणि त्याच संध्याकाळी त्या नेहमीच्या वर्गात गेल्या.

वर्ग गच्च भरला होता. इतके विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशीही येत नसत. बातमी गोदीपर्यंत पोचली होती.

बाईंनी फळ्यावर दरवर्षीचा प्रश्न लिहिला, दोन्ही देशांच्या व्यापारी कायद्याच्या मुळांची तुलना करा. मग खडू ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिखल सांगितला, राजवाडा सांगितला, सरांचं वाक्य आणि त्यामागचा तर्क नीट, न चेष्टा करता सांगितला, आणि मग तो कुठं मोडतो ते सांगितलं.

पुढच्या बाकावरच्या बँकेतल्या कारकुनानं हात वर केला. "बाई, ते ठीक आहे. पण परीक्षेत काय लिहायचं?"

"पुस्तकातलं लिहिलंत तर पूर्ण मार्क. मी सांगितलं ते लिहिलंत तर भोपळा मिळू शकतो. पेपर माझ्याकडे येत नाही तपासायला."

"मग?"

"मग काय? मी सक्ती करत नाही. तुम्हाला नोकऱ्या आहेत, पोरंबाळं आहेत. पुस्तकातलं लिहा, मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण ज्याला भोपळा मिळेल त्यानं माझ्याकडे यावं. मी विद्यापीठाच्या दारात जाऊन बसेन, निवृत्त झालेली असले तरी."

मागून क्रेन चालवणारी एक विद्यार्थिनी ओरडली, "बाई, मी लिहिणार! मी तशीही या विषयात दोनदा नापास झालेय, मला काय फरक पडतो?"

"तू आधी उरलेल्या प्रश्नांचा अभ्यास कर," बाई म्हणाल्या. "नापास होणाऱ्याच्या बंडाला कुणी भीक घालत नाही."

वर्ग हसला. हसू विरतं न विरतं तोच दार वाजलं. प्राचार्य उभे होते. त्यांनी फळा बघितला, भरलेला वर्ग बघितला.

"बाई, जरा बाहेर येता का? आत्ता."

"तास संपला की येते," बाई म्हणाल्या. त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे वळल्या. "हं, घ्या लिहून."